म्हशीचा कोंडा आणि मालनची पेज

रत्नागिरी, मंगळवार, ता. १३ फेब्रुवारी १९३४, सकाळचे साडेसहा. हातसडीचे तांदूळ दोन शेर शिल्लक.

ती. आक्का यांस,

सातच्या मोटारीने सावर्ड्यास जात आहे. हातसडीच्या तांबड्या तांदळाचे पोते घेऊन दिवेलागणीस परतेन. तोवर मालनला शिल्लक असलेल्या हातसडीचीच पेज द्यावी, गिरणीचा पांढरा भात देऊ नये. बाळंतिणीस तो मानवतो हा तुमचा समज मायेपोटी आहे, हे मी जाणतो. परंतु गिरणीचे इंजिन तुमच्या या भावाने बसविले, एवढ्याने तो तांदूळ पौष्टिक ठरत नाही. त्याचे सत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते.

तिचे पाय बधिर झाले ते त्यामुळेच, असे डॉक्टर म्हणाले. पण त्यांच्याही आधी ही पोर तुम्हांला म्हणाली होती, "आत्या, कोंडा म्हशीला नि पांढरा भात मला. म्हैस बघा कशी धट्टीकट्टी झाल्येय, नि मी ही अशी." तुम्ही हसलात. माझा घास हातातच राहिला. बिघाडाचे मूळ हुडकण्याची अशी नजर इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या वर्गात कोणालाच नव्हती. ती माझ्या लेकीस आहे.

तुमचा धाकटा,
आप्पा

ता. क. महिन्यापूर्वी, ही पेज सुरू केली तेव्हा, उंबरठा ओलांडताना तिला आधार लागे. आज पहाटे ती एकटी विहिरीवर गेली. मी खिडकीतून पाहिले. तिला रागावू नये. भरून आणलेल्या कळशा : दोन.