शांताचे दात

सोलापूर,
१८ फेब्रुवारी १९७६

चि. संगप्पास अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. मी अजून अक्कलकोटला सासरी गेले नाही, अव्वाला एकटीला सोडवत नाही. आप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की आमचा मुलगा दातांचा डॉक्टर झाला, आता दात सरळ करायचं मोठं शिक्षण घेतोय. परवा कल्लप्पामामा म्हणाले, "एवढी वर्सं शिकून अजून दोन वर्सं? तवर आमचं बोळकं हुतंय की!" आप्पा किती दिवसांनी हसले.

तुझं पत्र पोचलं. तुमच्याकडे प्लास्टरच्या साच्यातला एकेक दात करवतीने सुटा करून मेणात सरळ बसवायला शिकवतात, आणि त्यासाठी तुला आपल्या धाकट्या शांताचे, इथे घरी ठेवलेले साचे हवेत. "जिवंतपणी राहून गेलं, निदान प्लास्टरवर तरी तिचे दात सरळ करीन," असं लिहिलंस. वाचून मी रडले रे.

दिवाळीत तू हात बसावा म्हणून तिच्या तोंडात तो गुलाबी लगदा भरलास, तेव्हा ती ओकाऱ्या देत हसत होती. "अण्णा, लग्नाआधी होतील ना सरळ?" म्हणाली. तू हो म्हणालास, आणि त्या ठशात प्लास्टर ओतून हे साचे केलेस. महिनाभरात काविळीने गेली.

मी साचे कापसात गुंडाळून खोक्यात घातले होते. पत्ताही लिहिला. पण पाठवले नाहीत, आणि ते सांगायला इतक्या ओळी लागल्या.

अव्वा रोज दुपारी ते मांडीवर घेऊन बसते. वरचा साचा खालच्यावर टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते. टक, टक. आणि हळू आवाजात कानडीत बोलत राहते. शांताच्या फोटोला फूल घालते, पण त्याच्याशी बोलत नाही. फोटोत तिने ओठ घट्ट मिटलेत, पाहायला आलेल्यांपुढे मिटायची तसेच. आधी मला अव्वाची भीती वाटायची. परवा मात्र मी भाकरी थापत होते, माजघरातून टक-टक ऐकू आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आले गं शांते." तव्यावरची भाकरी करपली. अव्वानेच येऊन ती उतरवली. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

तुझं म्हणणं मी तिला सांगितलं. म्हणाली, "सरळ दाताची पोरगी घिऊन म्या काय करू? ती कुणाची तरी असंल, माजी न्हाय. माजी हाय तशीच हितं ऱ्हाऊ दे."

तू दिलेला शब्द पाळायला निघालास, हे मला कळतं. पण करवत फिरली की शांता कशी हसायची हे कुठेच उरणार नाही. शिकायला दुसऱ्या कुणाचे साचे घे. जिवंत पोरीचे घे, तिचे दात खरोखर सरळ कर.

मातीला आलास आणि दुसऱ्याच दिवशी परत गेलास. अव्वा विचारते, "पोरगं माज्याकडं का बगंना?" सुट्टीत ये. तिच्याजवळ बस. साचे न्यायचेच असतील तर तिच्या मांडीवरून तुझ्या हाताने उचल. माझ्याने होणार नाही.

तुझी आणि शांताचीही,
गिरिजाक्का