फोनवर मीच असतो

धायरी, पुणे
मंगळवार

तीर्थरूप सीताराममामा यांच्या चरणी विश्वजीतचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. (सगळे शि. सा. न. वि. वि. लिहून मोकळे होतात. मी पूर्ण लिहिलं आहे. मला इथे घाई कसलीच नाही.) आपला गुडघा कसा आहे? मामींची दाढ काढली का?

मी बरा आहे. सदाशिव पेठेतल्या पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यात एक अडचण आली आहे. बारावी अर्धवट सोडून मी इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला होता, आठवत असेल. त्यात शब्द आखूड करण्याचा धडा शेवटचा होता आणि त्याच्या आदल्या आठवड्यात क्लासच बंद पडला. त्यामुळे मी ‘आय अ‍ॅम’, ‘डू नॉट’ असं सगळं पूर्ण बोलतो. बाकीचे ‘आयम’, ‘डोन्ट’ म्हणतात (निम्मं गिळतात). परिणाम असा, की यंत्राची सूचना संपून फोन माझ्याकडे आला तरी गिऱ्हाइकांना मीही यंत्रच वाटतो. मी “आय अ‍ॅम विश्वजीत” म्हणालो की पलीकडून दोनचं बटण दाबल्याचा आवाज येतो. मी थांबतो. मग नऊचं. काल एक गृहस्थ ओरडले, “अहो, माणूस द्या, माणूस!” मी म्हणालो, सर, मी माणूसच आहे. तर ते बायकोला म्हणाले, “बघ, हल्ली त्यांना हेही शिकवतात.”

आमच्या शेफाली मॅडम (हुद्द्याने मोठ्या, वयाने लहान) म्हणतात, “विश, अरे जरा तोडून बोल ना!” विश म्हणजे मीच. मी खोलीवर आरशासमोर ‘आयम, आयम’ असा सराव केला, तेव्हा घरमालकीणबाईंनी दारातून विचारलं, “औषध घेतलंत का?” या महिन्यात खोलीवर माझ्याशी कोणी बोललेलं ते पहिलंच वाक्य.

आनंदीबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका मात्र रोज दुपारी फोन करतात. त्यांचा फिल्टर उत्तम चालतो. “पुण्यात शुद्ध इंग्रजी आता यंत्रच बोलतं,” असं म्हणून त्या परदेशातला मुलगा कसा दोन मिनिटांत फोन ठेवतो, ते मला सविस्तर सांगतात. मी माणूस आहे हे त्यांना दोनदा सांगायला गेलो आणि गप्प बसलो. माणसाला त्या इतकं सांगणार नाहीत.

सोमवारी साहेब स्वतः माझे फोन ऐकणार आहेत. गिऱ्हाइकांनी पुन्हा बटणं दाबली तर मला गोदामात पाठवतील. तिथे नुसती खोकी आहेत.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
विश्वजीत

ताजा कलम: सोमवारी सकाळी अकरा वाजता कंपनीच्या नंबरावर फोन करून माझ्याशी माणसासारखं बोलावं. आपल्याकडे फिल्टर नाही, हे साहेबांना कळायचं कारण नाही. पाण्याला वास येतो म्हणावं. नाव घेऊन रागावलात तर फारच चांगलं.

दुसरा ताजा कलम: माझी तब्येत विचारलीत तरी मला उत्तर फिल्टरचंच द्यावं लागेल. ‘व्यवस्थित चालू आहे’ म्हणालो तर फार विश्वास ठेवू नये.

तिसरा: फोन लागल्यावर आधी एक बाई गोड आवाजात बोलतील. ते मात्र खरंच यंत्र आहे. मागच्या वेळी आपण त्यांनाच “आमचा विश्वजीत वेळेवर जेवतो ना?” असं विचारून फोन ठेवलात. (इथे सगळे फोन टेप होतात. तो मी चार वेळा ऐकला.)