जाताना मेन बंद

रविवार, २१ नोव्हेंबर २००४

खोली मिळाली! मैत्रिणीच्या कॉटवर अंग चोरून दिवस काढल्यावर आज माझी स्वतःची खोली, स्वतःची खिडकी आणि खिडकीत स्वतःचं ऊन. कर्वेनगरात, ऑफिसला चालत जाता येईल अशी. घरमालक आप्पासाहेब इथले मूळचे, हे खेडं होतं तेव्हापासूनचे. शेतात इमारती उगवल्या, मधोमध त्यांचा बंगला उरला. त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी ते मुद्दाम मोठ्याने सांगितलं. चेहरा जरा आंबला. पण मी कॉम्प्युटरवाली आहे हे कळलं आणि आडनाव मागे पडलं, कारण घरातला कॉम्प्युटर आजारी होता. गरज सरो वैद्य मरो हे खरं, पण गरज सरेपर्यंत वैद्याला खोली मिळते.

माझी नोकरी म्हणजे फोनवरून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं. बटणं ते दाबतात, धीर मी देते. इथलं दुखणं असं की यंत्र बंद केलं की आपोआप पुन्हा सुरू होतं, आणि झोपवलं, म्हणजे स्टँडबायवर टाकलं, तर लगेच जागं होतं. मुलाने अमेरिकेला जाताना घेऊन दिल्यापासून ते जागंच आहे, वीज गेली तरी सोबतच्या बॅटरीवर. आप्पासाहेबांना फुकट जळणारी वीज बघवत नाही. घर बंद करून निघताना पोर्चमधला मेन स्विच पाडायचा, हा त्यांचा कायदा. पण एकदा वैतागून त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग बॅटरीतूनच उपसला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी तुळजाबाई कोसळल्या. त्या धावपळीत कोणीतरी प्लग परत बसवला, तो बसवलाच.

तुळजाबाई लाघवी आहेत. माझ्या पँटकडे बघून, पोरी, ह्ये घालून बसाय येतं व्हय, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताटात तिसरी भाकरी टाकली. डोळ्यांखाली काळं आलंय. कित्येक महिने डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाल्या. म्हातारा वॉचमन गेनबाही अजिबात झोपत नाही. पण त्याबद्दल मालकांची काही तक्रार नाही.

रविवार, २८ नोव्हेंबर

झालं! दुखणं सापडलं. फोनची वायर कॉम्प्युटरला जोडलेली, त्यामुळे फोन वाजला की हा जागा. माउस हलला की जागा, आणि टेबल इतकं खिळखिळं की रस्त्यावरून ट्रक गेला तरी माउस हलतो. त्याला जागं करायची फोन आणि माउस या दोघांची परवानगी काढून घेतली. जुना बिघडलेला एक प्रोग्राम उडवला, तर बंदही शहाण्यासारखा होऊ लागला. वीस मिनिटं कोणी हात लावला नाही तर आपणहून झोपेल अशी सोय केली.

दुपारी पहिल्यांदा झोपवून बघितला. त्याच वेळी तुळजाबाई पीठ मळता मळता परातीवर कलंडल्या. मी घाबरले, पण त्या चक्क घोरत होत्या. बाहेर गेटवर गेनबाही खुर्चीत घोरत होता. तुळजाबाईंना आम्ही पलंगावर निजवलं आणि आप्पासाहेब कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मला भरून आलं.

संध्याकाळी यंत्र पुन्हा सुरू करून उरलेली साफसफाई केली. सुरुवातीला पडद्यावर तीन नावं यायची: घर, तुळजाबाई, गेनबा. मुलाने हौसेने प्रत्येकाच्या नावाचा कप्पा करून ठेवला होता. आप्पासाहेबांनी तेवढं आपलं नाव घालू दिलं नव्हतं. ते 'घर' वापरतात. गेनबाने जन्मात माउस धरलेला नाही आणि यंत्रात जागा कमी, म्हणून त्याचं नाव डिलीट केलं. माझं टाकलं. निकिता, शेजारी फुलपाखराचं चित्र. बाकी कोणी सेटिंग बदलू नये म्हणून 'घर'ला पासवर्ड कसा लावायचा, हेही आप्पासाहेबांना शिकवलं. शिष्य हुशार निघाला.

सोमवार, २९ नोव्हेंबर

गेनबा गेला. सकाळी खुर्चीतच सापडला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. काल संध्याकाळी यंत्र सुरू केल्यावर तो उठला आणि मला हाक मारून पेरू दिला होता, तो अजून माझ्या टेबलावर आहे. खायचं मन होत नाही. मी स्वतः रात्रभर लाकडासारखी झोपले, आप्पासाहेब शेअरचे भाव बघायला बसले तेव्हा कुठे जाग आली.

बुधवार, १ डिसेंबर

ऑफिसात झोपले. डुलकी नव्हे. एका गिऱ्हाइकाला थांबा हं म्हणाले, आणि पुढचं आठवतं ते संध्याकाळचं: ओले केस, भोवती सगळे, डोक्याशी साहेब. पाणी मारलं, हलवलं, कांदा हुंगवला, मी उठले नाही. मग एकदम आपणहून डोळे उघडले. साहेब म्हणाले, झोपेचा पगार आपल्याकडे देत नाहीत, तशा नोकऱ्या वेगळ्या असतात.

घरी आल्यावर तुळजाबाई म्हणाल्या की त्याही दिवसभर निजल्या होत्या. आत्ताच उठल्या. मालक कॉम्प्युटरशी बसले तवा.

योगायोग असेल. दुसरं काय असणार?

शुक्रवार, ३ डिसेंबर

पुन्हा तसंच झालं. नोकरी गेली.

आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. ते हसले. प्लग उपसला त्याच दिवशी त्यांना कळलं होतं म्हणे, फक्त झोपवायची युक्ती माहीत नव्हती. ती मी दिली. म्हणाले, घर आता कसं शांत आहे. मित्र पत्ते खेळायला आले की बायकोला झोपवतात. चहा हवा असला की उठवतात. मी स्टँडबाय काढून टाका म्हणून हात जोडले. पण पासवर्ड त्यांचा आहे, आणि आजपासून त्या खोलीला कुलूप आहे. फोनही आतच.

आणि गेनबा. त्याचं नाव मी डिलीट केलं. मी मारलं त्याला. यंत्रात जागा कमी होती म्हणून. देवाशपथ मला माहीत नव्हतं, पण मारलं मीच.

माझं नाव काढलं तर मी मरेन. ठेवलं तर मी त्यांच्या बोटावर.

मंगळवार, ७ डिसेंबर

मोबाइलवरून बाबांना सांगायचा प्रयत्न केला. बाबा म्हणाले, बेटा, दमलीयेस, बार्शीला ये, मग बोलू. तशीच स्वारगेटला गेले. बस लागलेली होती. एक पाय पायरीवर —

डोळे उघडले तर हीच खोली, हाच पंखा. पर्समध्ये इथला पत्ता होता. भल्या माणसांनी रिक्षातून आणून सोडलं. आप्पासाहेबांनी त्यांना चहा पाजला, पोरीला फिट येतात म्हणून सांगितलं.

मोबाइल नाहीये. घराला बाहेरून कुलूप असतं.

तारीख माहीत नाही

तुळजाबाई म्हणतात शनिवार. खिडकीच्या गजांतून ओरडायचं ठरवलं. तोंड उघडलं आणि —

संध्याकाळ होती. तोंडात धूळ.

पुन्हा सकाळ

आप्पासाहेब मुलाकडे निघालेत. सहा महिने. फ्रिज रिकामा करून पुसलाय, दार उघडं टाकलंय, वास येऊ नये म्हणून. मी विचारलं, आमचं काय. म्हणाले, तुम्ही झोपलेल्या असणार, तुम्हाला दिवे कशाला? पाणी, जेवण? म्हणाले, झोपेत भूक लागत नाही, मी बघितलंय. आणि घर बंद करून जाताना मेन चालू ठेवायचा म्हणजे काय, शॉर्टसर्किट झालं तर घर जळेल.

त्यांना आमची काळजीच वाटते आहे. हेच भयंकर आहे. तुळजाबाई त्यांच्या पाया पडल्या. मीसुद्धा पडले.

दुपार

रिक्षा आली. बॅगा गेल्या. कुलूप लागलं. पोर्चमध्ये खट —

पंखा थांबला. आतल्या खोलीत कॉम्प्युटरची बॅटरी पीक पीक करते आहे. ती आहे तोवर आम्ही. पंधरा मिनिटं चालेल. जुनी असेल तर कमी.

ओरडले. समोरच्या बाल्कनीत एक गृहस्थ आले, दुपारची झोपायची वेळ आहे, जरा रीत पाळा म्हणाले, दार लावून घेतलं. पुन्हा ओरडले. कोणी नाही. बाहेरच्या दारावर वरवंटा घातला. सागवान आहे, ढिम्म हलत नाही.

तुळजाबाई हाका मारतायत. सतरंजी घातली आहे, दोन उशा. ये पोरी, म्हणतात, उभ्याउभ्या पडशील, लागंल. माझं डोकं मांडीवर घेतलं. मी झोपून लिहिते आहे.

बॅटरीची पीक पीक घाईघाईने होऊ लागली. मध्ये थांबतच नाही आता —

जो कोणी दार उघडेल त्याने, हात जोडते, आधी मेन लावा. मग कॉम्प्युटर चालू करा. आम्ही श्वास घेत नसलो तरी करा. पडद्यावर तुळजाबाईंचं नाव दिसेल, त्याखाली माझं, फुलपाखरू आहे. ही कोण बाई म्हणून, जागा कमी आहे म्हणून, ते नाव डिलीट