बारा आणि सतरा नंबरची पाकिटं

६ जानेवारी
परवानगी आली! चार वर्षं कोळंबीच्या टरफलातून कायटोसॅन नावाचा पदार्थ काढून त्याचे धागे ओढतेय. जंतू त्यावर टिकत नाहीत, हे लॅबमधल्या प्लेटवर शंभरदा पाहिलं. आता त्याची पट्टी माणसांच्या जखमांवर. चोवीस पेशंट — बारा जणांना आमची, बारा जणांना साधी गॉज. कुणाला कोणती, हे पेशंटला कळायचं नाही, डॉक्टरांनाही नाही. यादी फक्त माझ्याकडे.

पेढे कुणी आणले नाहीत.

१४ जानेवारी
बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरत नाहीये. शुगर. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांना आमच्याच चाचणीत घेतलं! माझं आडनाव सासरचं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मीही बोलले नाही. फॉर्मवर कोळंबी वाचून बाबा म्हणाले, "पायाला कुठे खायचीय?" जन्माचे शाकाहारी.

१६ जानेवारी
चिठ्ठ्या टाकल्या. बाबा बारा नंबर. साधी गॉज.

२९ जानेवारी
डॉक्टर बाबांना म्हणाले, "दो हफ्ते और देखते हैं, नहीं तो अँगूठा निकालना पड़ेगा।" बाबांनी 'ठीक है' म्हटलं आणि चपला शोधायला लागले.

३० जानेवारी
बारा आणि सतराच्या पाकिटांवरच्या लेबलांची अदलाबदल केली. दोन मिनिटांचं काम. सतरा म्हणजे पिपलानी वस्तीतल्या कुणी लीलावती, त्यांना आमची पट्टी होती. त्यांची जखम लहान आहे, बरीच भरत आलीय — असं स्वतःला सांगितलं. लाज वाटली. तरी पाकिटं कपाटात परत ठेवली.

१३ फेब्रुवारी
जखम निम्म्यावर आली. अंगठा वाचला! आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

पट्टी बदलताना बाबा म्हणाले, "आधीची चिकटायची, ओढून काढावी लागायची. ही ओली होऊन अलगद सुटते. माल बदललाय." बत्तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, त्यांच्या नजरेतून काय सुटणार! मी म्हटलं, "काहीतरीच."

"मग माझी आधीची कुणाला गेली?"

मी चहा ठेवायला उठले.

१८ फेब्रुवारी
सतरा नंबरची जखम परत चिघळली. तक्त्यात नोंद केली. घरी आल्यावर राहवेना, बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

१९ फेब्रुवारी
बाबांनी पट्टी बदलू दिली नाही.

२० फेब्रुवारी
दुपारी आमच्या लॅबच्या प्रमुख शालिनी मॅडमचा फोन. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "केशवराव तुझे वडील?" बाबा एकटेच रिक्षा करून हॉस्पिटलात गेले होते. उरलेली सगळी पाकिटं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ही सतरा नंबरच्या बाईंची आहेत. लेबल माझ्या मुलीने बदललं."