धुरी न दिलेली खोली

३ मार्च, अॅलिस स्प्रिंग्ज, ऑस्ट्रेलिया

घोर अन्याय! माझ्या मगातून पुन्हा कोणीतरी सूप प्यायलं. बेघर आदिवासी मुलींच्या या आसऱ्याची गाडी मी बारा वर्षं चालवतोय, कुलुपं दुरुस्त करतोय, कागद भरतोय; पण एका मगावर माझं स्वामित्व सिद्ध होत नाही. व्हर्ना मावशींकडे दाद मागितली – घर त्या चालवतात, कायदा त्यांचाच. निकाल तत्काळ: "मास्तर, उद्यापासून ओंजळीने प्या!"

५ मार्च

तीन नंबरची खोली अजून बंद. तिथली मुलगी गेल्या महिन्यात इस्पितळात वारली. नाव लिहीत नाही. गेलेल्याचं नाव इथे कोणी घेत नाही. तिची माणसं वाळवंटातून येऊन पाल्याची धुरी देऊन खोली शुद्ध करेपर्यंत तिथे कोणी झोपायचं नाही. रस्त्यावर पुराचं पाणी आहे.

७ मार्च

सरकारी कचेरीचा फॉर्म. रकाने दोनच – भरलेली, रिकामी. तीन नंबरपुढे लिहिलं: रिकामी. जिच्यात कोणी नाही ती रिकामी. न्यायशास्त्र वाचलेल्याला एवढं कळतं!

१० मार्च

कचेरीने एक मुलगी पाठवली. केलीन, सतरा वर्षांची, ओठ फुटलेला. मारणाऱ्या मित्राच्या घरून पळालेली. मावशी कोर्टात. बाकी खोल्या भरलेल्या. मीच तीन नंबर उघडली.

ती उंबऱ्यावरच थांबली. "ही माझ्या बहिणीची खोली ना?" (चुलत, पण इथे चुलत-सख्खं नसतं.) "धुरी दिली?"

मी दार पुन्हा ओढून घेतलं.

"मग मला इथे कशाला आणलंत, काका?"

"बाहेर सोफ्यावर झोप, मावशी येतीलच –"

पिशवी उचलून गेली. पुलापर्यंत गाडी घेऊन मागे गेलो. तिने वळून पाहिलं नाही.

११ मार्च

मावशी फोनवर कचेरीवर कडाडल्या. "खोली रिकामी आहे हे सांगितलं कोणी तुम्हाला?" पलीकडची बाई नवी, तिला काही सांगता येईना. फोन आपटून मला म्हणाल्या, "बघा मास्तर! किती वर्षं शिकवायचं यांना?"

मी मान डोलावली.

१५ मार्च

माणसं आली. धुरी झाली. खोली मावशींनी केलीनसाठी राखलीय. "येईल ती," म्हणतात.

१७ मार्च

केलीन बाजारात दिसली. त्याच मित्राच्या गाडीत. हाक मारली, काच वर गेली.

'रिकामी' मी लिहिलं, हे मावशींना आज सांगणार. शिव्या खाईन. तो तिला मारून टाकील, अशी मला भीती वाटते.