युजरचं नाव पाहुणी

६ जानेवारी, सोमवार
"घर तुझं असलं तरी दार वाजवून यायचं!" — मी दहावीत होते तेव्हा आई म्हणाली होती. किल्लीने उघडून सरळ आत शिरले होते मी. ती आरशासमोर एकटीच गात होती.
आज ते आठवलं, कारण यज्ञेशचा फोन. "ताई, कम्प्युटरवाली तू. रविवारपर्यंत आईकडे कॅमेरा बसव. नाहीतर मी तिला पुण्याला घेऊन येतो." आई न्हाणीघरात घसरली तेव्हापासून धाकट्याचं हेच. आई कळव्यात एकटी, मी डोंबिवलीत एकटी. पण पुण्यात ती सुकून जाईल.

७ जानेवारी
ठाण्याच्या ऑफिसात सर्व्हरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसणार. त्याआधीची तयारी माझ्याकडे. पाच सर्व्हर — चार लिनक्सवर चालणारे, एक म्हातारं युनिक्स. जुन्या फायली काढून जागा केली. युनिक्सचं घड्याळ मागे पडलेलं — जुळवलं.

८ जानेवारी
सॉफ्टवेअर कंपनीचा अपूर्व म्हणतो, "मॅडम, रूटच देऊन टाका ना. टेन्शनच नाय." म्हणजे घरातल्या सगळ्या किल्ल्या! नाही दिल्या. वेगळा युजर केला, नुसता वाचण्यापुरता. नाव ठेवलं 'नजर'. शेजारच्या टेबलावरून शीला ओरडली, "अगं, दृष्ट लागेल ना सर्व्हरला! लिंबू-मिरची पण टांग आता!" हसून हसून पुरेवाट. बदललं — 'पाहुणी'. पाहुणी बसेल, बघेल, कपाटं उघडणार नाही.

१० जानेवारी
अपूर्वला फायरवॉलमध्ये बाहेरून आत यायला वाट हवी होती. म्हटलं, आत कशाला येतोस? सर्व्हरच दर मिनिटाला बाहेर निरोप पाठवेल — मी आहे. निरोप थांबला की धावायचं. "हां, चालेल की," म्हणाला. चाचणी घेतली. स्क्रीनवर पाचही दिवे हिरवे! म्हातारंसुद्धा!!
घरी येताना डोक्यात एकच — आईचंही असंच का नाही?

११ जानेवारी
कळव्याला गेले. दार वाजवलं. कॅमेऱ्याचं काढताच, "मी काय सोनाराचं दुकान आहे?" मग म्हटलं, बरं, रोज सकाळी एक मिस्ड कॉल दे फक्त. चहाचा कप खाली ठेवला तिने. "म्हणजे मेले नाही अजून, याची हजेरी? शाळेत नाही घातलंय मला तुम्ही!" वर पोह्यांचा डबा हातात दिला. राग नव्हता. पण नाही म्हणजे नाही.

१२ जानेवारी, रविवार
विकत आणलेला कॅमेरा खोक्यातच आहे. पुन्हा कळव्याला निघाले. आज तिच्याविषयी बोलणारच नाही. "नसती थेरं" म्हणेल, माहीत आहे. तरी विचारणार —
आई, दिवाळीनंतर मी दोन दिवस तापाने पडून होते, कुणाला कळलंसुद्धा नाही. रोज सकाळी मीच तुला रिंग देईन. उचलू नकोस, नुसती कापत जा. एखाद्या दिवशी वाजली नाही, तर मला शोधायला येशील?