एक तास, साठ फ्रेम

८ जानेवारी २०२५, बुधवार

पैज लागली! अंगदशी, फोनवर. मी माझ्या हातानं एक कॉम्प्युटर जोडायचा, आमच्या जुन्या दुकानातला गाड्यांचा गेम त्यावर लावायचा आणि तो न अडखळता, न बंद पडता तासभर चालवून दाखवायचा. चालला तर मी आणि माझी बायको छबुबाई इथंच, माजलगावला. नाही चालला तर घराला कुलूप आणि पुण्याला, अंगदच्या फ्लॅटवर. तो सोळा फेब्रुवारीला, रविवारी येणार.

कारण माझा उजवा हात. कंपवात, डॉक्टर म्हणतात. दिवाळीत गरम सोल्डरिंग आयर्न मांडीवर पडलं, तेव्हापासून पोरानं पालुपद लावलंय — "आप्पा, आता हातात काही राहत नाही तुमच्या. इकडं या." चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, त्यातली सात वर्षं गेमचं दुकानही चालवलं. हा मला सांगणार हातात काय राहतं ते!

छबुबाई मेथी निवडत होती. म्हणाली, "पैजा लावायचं वय हाय का हे?" एवढंच बोलली.

११ जानेवारी

दिवसभर व्हिडिओ बघितले. टीव्हीला जोडायची ती गेमची खोकी, आमच्या दुकानात चार होती, चारही केव्हाच मेली. डिस्क तेवढ्या राहिल्या. आता कॉम्प्युटरात एक प्रोग्राम टाकला की तो त्या खोक्याचं सोंग घेतो. पण सोंगाला ताकद लागते. सेकंदाला साठ चित्रं पडली पाहिजेत — साठ फ्रेम. त्याखाली गेलं की गाडी चिखलातून चालल्यासारखी.

नवा माल परवडायचा नाही. एक जुना, दोन कोअरचा प्रोसेसर सापडला. त्याला कंपनीनं कुलूप घातलेलं नाही — ठरवलेल्या वेगाच्या वर रेटता येतो. ओव्हरक्लॉक म्हणतात. हे आपल्याला जमतं. दुबळ्या टीव्हीतून चित्र काढण्यातच हयात गेली.

१७ जानेवारी

मांजरसुंब्याला जाऊन आलो. जुना माल विकणाऱ्या पुण्याच्या माणसानं पार्सल ट्रॅव्हल्सवर टाकलं होतं, ड्रायव्हरनं ढाब्यावर उतरवून ठेवलं. मी पोचलो तर खोक्यावर कांद्याची परात! खाली मदरबोर्ड! ढाबेवाल्याला बोललो. तो म्हणाला, "काका, टीवी हाय व्हय? मंग काय होतंय त्याला!" 

येताना बीडच्या स्टँडवर दीड तास एसटी नाही. पार्सल मांडीवर घेऊन बसलो. मांडीवर खोकं असलं की हात हलत नाही, असं लक्षात आलं.

२० जानेवारी

प्रोसेसर बसवायचा दिवस. याच्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या खाचेत असतात — केसासारख्या, हजाराच्या वर. प्रोसेसर वाकडा पडला की पिना वाकल्या, बोर्ड भंगारात. दुसरा घ्यायची ऐपत नाही.

तीनदा हात नेला, तीनदा मागे घेतला. गोळी घेऊन पाऊण तास थांबलो. चौथ्यांदा प्रोसेसर खाचेवर आणला आणि बोटं अशी थरथरली की घाम फुटला.

छबुबाईला हाक मारली. ती साड्यांना फॉल-पिको करते, बारीक कामाचा हात. "हा बाण हितल्या बाणावर. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं." तिनं पदराला हात पुसले आणि ठेवला. एका दमात. मग माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "बसला. आनखी काय?"

पैजेत 'माझ्या हातानं' असं आहे. पण चष्मा लावून वाचलं तर वाचलं मीच ना?

२२ जानेवारी

प्रोसेसरवरची पेस्ट साबुदाण्याएवढी लाव म्हणालो, तिनं भिजवलेल्या साबुदाण्याएवढी लावली. पुसून पुन्हा. पंखा, स्क्रू, बारक्या वायरी — सगळं तिनंच. मी बोट दाखवत होतो. बटण मी दाबलं. स्क्रीन लागली!

२५ जानेवारी

गेम चालू झाला. चव्वेचाळीस फ्रेम. रडतोय नुसता.

२९ जानेवारी

रेटतोय. मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ. रोज थोडा चढवायचा, तासभर राबवायचा, ताप बघायचा. ३.६ ला पन्नास फ्रेम. ३.९ ला पंचावन्न. ४.१ ला गोठला — व्होल्टेज जरा वाढवला, उठला. ताप एक्क्याऐंशी अंश.

डॉक्टरांनी माझी गोळी अर्ध्याची एक केली. म्हणजे माझाही व्होल्टेज वाढवला. मला मात्र चक्कर येते.

१ फेब्रुवारी

४.३ वर साठ! पहिल्या वळणापासून शेवटच्या रेषेपर्यंत साठ! एकटाच टाळ्या वाजवल्या. छबुबाई दारातून डोकावली, "झालं का?" म्हणाली आणि गेली.

आठ चाळीसला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. असेल काहीतरी.

३ फेब्रुवारी

८.४२ ला बंद. ११.१५ ला बंद. ४.२ वर आणला.

४ फेब्रुवारी

८.४० ला बंद. दुपारी दोनदा. ४.० वर आणला. आता बंद पडतोच आणि फ्रेमही छप्पन्न. 

डोकं फिरलंय. तासाला तास जोडून जे चढवलं ते उतरवत बसलोय. छबुबाई नातीशी व्हिडिओवर बोलत होती — आजी, आमच्या लिफ्टमध्ये आरसा आहे — आणि ही हसतेय, किती माळे, खाली बाग हाय का, बाया बसत्यात का तिथं. मी ओरडलो, आवाज कमी कर म्हणून. तिनं फोनच ठेवला. 

७ फेब्रुवारी

बन्सी आला. घरामागच्या उसाचा मालक. आमच्या घराची लाईन त्याच्याच रानातल्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून. मशीनसमोर खुर्ची ओढून बसला. बरोब्बर त्याच्या देखत बंद पडला. मी प्रोसेसरला शिव्या दिल्या. बन्सी खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "आली वाटतं लाईन."

"कसली?"

"मोटरीची. समद्यांनी ऑटो बसवलाय ना बे. लाईन आली की सातही मोटरी एका टायमाला सुरू. माझ्या घरचा बल्ब तर पार मरून जातोय. तुझं येंत्र कावून टिकल?"

चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं — आधी लाईन तपासा, मग टीव्हीला बोला. मीटर टेबलावर पडलेला, हाताच्या अंतरावर. आठवडाभर एकदाही लावला नाही. लाज वाटली.

बन्सीला मीटरचं सांगितलं नाही. चहा पाजला.

९ फेब्रुवारी

माळ्यावरून दुकानातला लोखंडी स्टॅबिलायझर काढला. उचलला छबुबाईनं. पुन्हा ४.३. एक-दोन मोटरींचा झटका खातो, सातांचा नाही. शेवटी बन्सीला पैजेचं सांगितलं.

१३ फेब्रुवारी

बन्सी सांगून गेला. डीपीवरच्या बाकी सहाही जणांशी बोललाय. रविवारी ऑटो बंद. लाईन आली की एकेक जण हातानं मोटर चालू करणार, मधे पाच-पाच मिनिटं सोडून. "तू गेलास तर टीवी कोन बघंल आमचा? आन् सांच्याला कुनाकडं बसायचं?"

डोळ्यात पाणी आलं. सात माणसं आपापल्या विहिरीवर उभी राहणार, माझ्या गेमसाठी! छबुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "लई जीव हाय लोकांचा तुमच्यावर." आणि पिकोच्या मशीनवर बसली. 

१६ फेब्रुवारी, रविवार

अंगद अकराला आला. जेवण झालं. बारा वाजून दहा मिनिटांनी गेम लावला. कंट्रोलर त्यानंच घेतला. चाळिशीला आलेला माणूस, पहिल्या वळणावर जीभ बाहेर काढून तसाच वाकला, शाळेतून येऊन दुकानात वाकायचा तसा.

साठ. साठ. साठ. स्टॅबिलायझर मधून टक करायचा, माझा श्वास अडकायचा. साठ. बारा पन्नासला एकदा अठ्ठावन्न, पुन्हा साठ. खिडकीतून बन्सीचं मुंडासं दिसत होतं, विहिरीवर.

एक वाजून दहा मिनिटं. अंगदनं कंट्रोलर खाली ठेवला. बाजूची पत्र्याची झाकणी काढून आत वाकून बघितलं. वायरी एका वळणाच्या, स्क्रू सरळ. 

"सगळं तुम्ही बसवलं, आप्पा? एकट्यानं?"

छबुबाई चहाचे कप घेऊन उभी होती. 

"हो," मी म्हणालो.

त्यानं माझा हात हातात घेतला, उजवा. बराच वेळ धरून ठेवला. म्हणाला, "जिंकलात. पुन्हा विषय काढणार नाही, शब्द." छबुबाईनं त्याच्यासमोर कप ठेवला. तो पाचच्या गाडीनं गेला. ती कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली, उशिरा परत आली.

बन्सीनं पेढे वाटले. मी खूश आहे. लिहूनच ठेवतो — खूश आहे.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहा ढवळताना छबुबाई म्हणाली, "त्या दिवशी हातातून सोडून द्यायला पायजे होता मी."

काय, म्हणून विचारलं.

"तुमचा परोसेसर. मला जायचं होतं पुन्याला."

अंगदचा नंबर लावायला घेतला. बोटं आकड्यांवर टिकेनात. फोन तिच्याकडं दिला.